विध्वस्त मंडळाची दुरुस्ती

वाचनालयाचं नवं संकेतस्थळ सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आणि या तीन आठवड्यांत ते एकाही माणसाने नीट वाचलेलं नाही, हे वेलांटीकाकांनी रविवारी सकाळी पहिल्या अर्ध्या मिनिटातच सिद्ध केलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पदाधिकाऱ्यांची यादी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत मथळा होता : 'विध्वस्त मंडळ'.

काका खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मंडळ विध्वस्तच होतं.

"श्व!" ते स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले. "ध्व नव्हे, श्व!"

"कोण आलंय?" काकूंनी आतून विचारलं.

काकांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं होतं. म्हणजे कच्ची प्रत वाचायची आणि तिच्यातल्या चुका लाल शाईने काढायच्या. निवृत्त झाल्यावर लाल पेन खिशातून निघालं, पण डोळ्यांतून निघेना. जिन्यातल्या सूचना, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, बसथांब्यावरच्या जाहिराती, काही म्हणजे काही सुटत नसे. एकदा एका शेजाऱ्याच्या दारावर लावलेल्या निधनाच्या फलकावरचा 'दिर्घ आजार' त्यांनी जागच्या जागी 'दीर्घ आजार' करून दिला. घरातली मंडळी रडत उभी होती, ती रडायची थांबली. वसाहतीत त्यांना 'वेलांटीकाका' हे नाव पडलं ते तेव्हापासून. काकांना त्यात टोमणा दिसत नसे. डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, तसंच हे, असं त्यांचं मत.

सोमवारी वाचनालय उघडताच काका हजर झाले. ग्रंथपालबाई एका कादंबरीच्या सुटलेल्या पाठीला डिंक लावत होत्या.

"बाई, आपलं मंडळ विध्वस्त झालंय."

"अगंबाई! कधी? आत्ताच तर अध्यक्ष पेपर वाचून गेले."

काकांनी संगणकावरचं कापड बाजूला केलं आणि पुरावा दाखवला. बाईंनी वाचलं, आणि पुढे काकांना चार दिवस डाचत राहिलेलं वाक्य उच्चारलं : "अय्या, मला तर ते विश्वस्तच दिसत होतं."

मग त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता तपासणी अधिकारी येणार होते. वाचनालयाचा 'अ' वर्ग राहणार की 'ब'वर घसरणार, याचा निकाल त्याच दिवशी लागणार होता, आणि या वर्षापासून संकेतस्थळही तपासणार असल्याचं पत्रात लिहिलेलं होतं. दुरुस्ती करायची तर मंडळाचा ठराव हवा. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा. ती झाली होती परवाच.

"त्यापेक्षा काका, तुम्हीच करा ना," बाई म्हणाल्या. "आतलं कुलूप उघडायचा शब्द माझ्याकडे आहे."

तो परवलीचा शब्द त्यांनी एका जुन्या सूचिकार्डाच्या मागे लिहून ठेवला होता. अशा रीतीने काका संकेतस्थळ समितीचे अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सभासद झाले. काम काय, एक अक्षर बदलायचं. चौतीस वर्षांत त्यांनी अशी लाखभर अक्षरं बदलली असतील.

संकेतस्थळाच्या आतल्या बाजूला बरीच दालनं होती. त्यांतल्या एकात 'साचे' नावाची यादी होती. वरच्या पट्टीचा एकच साचा आणि त्यावरूनच सगळी पानं तयार होतात, हे काकांना लगेच कळलं आणि आवडलं. त्यांनी 'ध्' पुसला, 'श्' बसवला, 'जतन करा' हे बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं : 'यशस्वीरित्या जतन झाले'.

"रीत्या," काका पडद्याला म्हणाले. "री दीर्घ." पण आज त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

घरी येऊन त्यांनी काकूंना बोलावलं, शेजारच्या स्टेशनमास्तरांनाही हाक मारली, आणि मोठ्या थाटात वाचनालयाचं पान उघडलं.

'विध्वस्त मंडळ'.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "काय बदललंत?"

काकांनी पुन्हा आत जाऊन साचा पाहिला. आत 'विश्वस्त'. बाहेर येऊन पान पाहिलं. बाहेर 'विध्वस्त'. आत विश्वस्त, बाहेर विध्वस्त! हा सरळ सरळ बेइमानपणा होता. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी कितीही आळशी असो, एकदा लाल खूण केली की पुढच्या प्रतीत अक्षर सुधारलेलं येई. आलं नाही, तर माणसाला जाब तरी विचारता येई. इथे जाब कुणाला विचारायचा?

"माझ्या लक्षात आलं," स्टेशनमास्तर म्हणाले. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांना प्रत्येक गोष्टीत गाडी दिसे. "तुम्ही सिग्नल पाडलात, पण खांबापर्यंत तार ओढली गेली नाही. यंत्र बंद करा. दहा मोजा. चालू करा."

काकांनी दहा मोजले. स्टेशनमास्तरांनी घड्याळ लावून पंधरा मोजायला लावले. यंत्र चालू झालं आणि मंडळ नव्या दमाने विध्वस्त झालं.

मंगळवारपर्यंत ही बातमी वसाहतभर पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणालं, तो गोल बाण दाबा. काकांनी तो एकसष्ट वेळा दाबला. दर वेळी पान क्षणभर पांढरं पडे, काकांच्या मनात आशा निर्माण होई, आणि पुन्हा तेच. कुणी म्हणालं, यंत्र गरम झालंय, पंख्याखाली ठेवा. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर सल्ला दिला की मुळापासून उपटा आणि नवीन बसवा. पण त्यांचा तो सगळ्याच बाबतीतला सल्ला होता.

शेवटी काकांनी संकेतस्थळ बनवणाऱ्या बाईंना फोन केला. या वेबवाल्या बाई परगावी एका कारखान्याचं काम करत होत्या. चार वेळा फोन वाजून बंद पडला आणि पाचव्यांदा त्यांच्याकडून लेखी निरोप आला. तीनच शब्द : 'कॅश साफ करा.'

काकांनी निरोप तीनदा वाचला. शुद्धलेखनाची चूक नव्हती, म्हणून त्यावर विश्वास ठेवावासा वाटला. अर्थ मात्र लागेना. पण काका शिस्तीचे. अर्थ लागत नसेल, तर रीतसर अर्ज करावा, हा त्यांचा नियम. त्यांनी कोरा कागद घेतला आणि मंडळाला लिहिलं : 'तपासणीपूर्वी वाचनालयाची कॅश तातडीने साफ करणे आवश्यक झाले आहे. तरी तशी परवानगी मिळावी, ही विनंती.'

बुधवारी खजिनदारांचं उत्तर आलं, संस्थेच्या शिक्क्यासह. 'आपला अर्ज वाचून धक्का बसला. संस्थेची कॅश साफ करण्याचा अधिकार घटनेनुसार कोणासही नाही. तपासणीपूर्वी तर नाहीच. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.'

चौतीस वर्षांत ज्याने छापखान्यातली एक पेन्सिलही घरी आणली नाही, त्या माणसाला 'आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती'! काका संध्याकाळभर तो कागद हातात घेऊन घरात येरझाऱ्या घालत होते.

"मी चोर?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या.

"मग यांनी असं का लिहावं?"

"तुम्ही तसं लिहिलंत म्हणून."

"मी जे लिहिलं ते निर्दोष होतं!"

"शुद्ध होतं," काकू म्हणाल्या आणि भाजी ढवळायला गेल्या.

गुरुवारी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना काकांचा संयम सुटला. इथे एक सांगायला हवं. काका आयुष्यात कुणाला वाईट बोलले नव्हते. छापखान्यातल्या एका जुळाऱ्याला त्यांनी एकदा 'आपण निष्काळजी आहात' असं म्हटलं होतं आणि मग आठवडाभर त्यांचाच घास घशाखाली उतरला नव्हता. पण गेले तीन दिवस ते साच्यात बदल करत होते आणि तो बदल कुठेच दिसत नव्हता. आपण लिहितो ते कुठे तरी पोचतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी साचा उघडला आणि यादीच्या बरोबर वर दाणदाण बोटं आपटत एक नवी ओळ लिहिली :

'हे तरी दिसतंय का गाढवांनो'

जतन केलं. बाहेर येऊन पाहिलं. अर्थातच काही नाही. विध्वस्त मंडळ जिथल्या तिथे, शांत. ओळ लगेच काढून टाकणार, तोच दारावरची घंटा वाजली. विजेचं मीटर बघणारा आला होता. त्याच्या हातातल्या पावतीवर 'युनीट' असं छापलेलं होतं, आणि काकांना त्याला 'नि' ऱ्हस्व का, हे समजावून सांगावं लागलं. त्यात वीस मिनिटं गेली. परत येऊन काकांनी ती ओळ पुसली, जतन केलं, आणि रागाच्या भरात का होईना, कुणाला कळायच्या आत आपण शब्द मागे घेतला, याचं समाधान मानलं.

शुक्रवारी दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. आवाज चोरटा होता.

"काका, ते तुम्ही आम्हाला म्हणालात का?"

"काय?"

"ते... प्राण्याचं."

"कुठल्या प्राण्याचं?"

"संकेतस्थळावर आहे ते. अध्यक्षांच्या नावाच्या बरोबर वर."

काकांनी ताबडतोब पान उघडलं. प्राणी नव्हता. "बाई, माझ्या डोळ्यांसमोर पान आहे! विध्वस्त मंडळ, त्याखाली अध्यक्ष, त्याखाली खजिनदार. मधे प्राणी नाही!"

"काका, माझ्याही डोळ्यांसमोर आहे. आणि आता तर मंडळ विश्वस्त झालंय. पण वर गाढव आहे."

काका पायांत मिळेल ती चप्पल घालून निघाले. वाचनालयाच्या संगणकाभोवती सात-आठ वाचक जमले होते. एरवी मासिकं चाळताना माना वर न करणारी माणसं. काका येताच त्यांनी वाट करून दिली, आणि ते वाट करून देणंच काकांना सगळ्यात जास्त झोंबलं. पडद्यावर, विश्वस्त मंडळाच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत त्यांचं वाक्य होतं. पानं उलटली. पुस्तकांची यादी : गाढवांनो. वेळापत्रक : गाढवांनो. 'नवीन सभासदांचे स्वागत' : हे तरी दिसतंय का गाढवांनो.

"मी हे पुसलं होतं," काका म्हणाले. "वीस मिनिटांत पुसलं होतं!"

एका वृद्ध वाचकाने सहानुभूतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

शनिवारी दुपारी वाचन-कक्षात मंडळाची तातडीची बैठक बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि लांब टेबलाच्या टोकाशी बसले की समोरचा माणूस आपोआप आरोपी वाटे. त्यांच्या उजव्या हाताला खजिनदार होते, काकांचा अर्ज समोर ठेवून. वेबवाल्या बाईही कारखान्याचं काम सोडून आल्या होत्या. चाळिशीच्या, थकलेल्या, मांडीवर यंत्र उघडून बसलेल्या.

"ही ओळ आपण लिहिली?" अध्यक्षांनी विचारलं.

"लिहिली. आणि काढली."

"मग ती आहे कशी?"

"तेच तर मी सोमवारपासून विचारतोय!" काका उसळले. "मी दुरुस्ती करतो ती दिसत नाही. मी चूक काढून टाकतो ती जात नाही. चांगलं लिहिलं तर तीन दिवस कुणाला दिसलं नाही, आणि वाईट लिहिलं ते वीस मिनिटं होतं, तर गावाने वाचलं! हा कुठला न्याय?"

न्याय हा शब्द ऐकून अध्यक्ष थोडे अस्वस्थ झाले. त्यांनी वेबवाल्या बाईंकडे पाहिलं.

"संकेतस्थळ दर वेळी साच्यावरून नवं पान तयार करत नाही," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो. म्हणून एकदा तयार केलेली पानं ते साठवून ठेवतं आणि मागेल त्याला तीच देतं. त्या साठ्याला कॅश म्हणतात."

खजिनदारांनी समोरचा अर्ज हळूच उलटा करून ठेवला.

"दर चार दिवसांनी, सकाळी अकराला, तो साठा आपोआप ताजा होतो," बाई पुढे म्हणाल्या. "गुरुवारी अकराला झाला. तेव्हा साच्यात जे होतं, ते आत गेलं."

काकांच्या डोळ्यांसमोर मीटरवाला उभा राहिला. 'युनिट'मधली ती ऱ्हस्व वेलांटी उभी राहिली. "म्हणजे मी हस्तलिखित सुधारत होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि छपाई जुन्याच फर्म्यावरून चालली होती?"

"अगदी बरोबर."

"मग मला घरी गाढव का दिसलं नाही?"

"तुमच्या संगणकानेही स्वतःच्या पोटात एक जुनी प्रत ठेवलीय. तो तुम्हाला तीच दाखवतोय."

"म्हणजे माझंच यंत्र माझ्याशी खोटं बोलत होतं!"

"काका, मी मंगळवारीच लिहिलं होतं, कॅश साफ करा म्हणून. शेवटच्या दालनात बटण आहे."

काकांनी ते बटण पाहिलं होतं. सोमवारीच. आणि त्यापासून हात दूर ठेवला होता. ते उभे राहिले.

"त्या बटणावर काय लिहिलंय, ते मंडळाला वाचून दाखवा."

बाईंनी पाहिलं आणि त्या जरा खाकरल्या. "'सगळं पुसा'."

"सगळं पुसा!" काका म्हणाले. "अध्यक्ष महाराज, वाचनालयात अकरा हजार पुस्तकांची सूची आहे. ग्रंथपालबाईंनी ती दोन वर्षं बसून भरलीय. समोर बटण आहे 'सगळं पुसा'. कुठलं सगळं? कशातलं सगळं? मी ते दाबायचं? शब्द नीट लिहायचा नाही, आणि वाचणाऱ्याने घाबरून हात मागे घेतला की त्याला अडाणी ठरवायचं!"

ग्रंथपालबाईंनी पदर तोंडाशी नेला. दोन वर्षांच्या कामाची कुणीतरी पहिल्यांदाच दखल घेतली होती. वेबवाल्या बाई म्हणाल्या, "काकांचं बरोबर आहे. मी ते बदलते. काय लिहू?"

"'साठवलेली जुनी पानं काढा'," काका म्हणाले. "पाने नको. बोलीतच ठेवा, धाकदपटशा नको."

मग बटण दाबण्याचा ठराव मांडला गेला. खजिनदारांनी आपला विरोध नोंदवायला सांगितला, कशाला ते मात्र सांगितलं नाही. बाईंनी बटण दाबलं. पान पांढरं झालं, अकरा हजार पुस्तकं जागच्या जागी राहिली, गाढवं गेली आणि विश्वस्त मंडळ 'श्व'सकट उगवलं. बाईंनी काकांच्या घरी येऊन त्यांच्या यंत्राच्या पोटातलं जुनं पानही काढून दिलं.

सोमवारी दहाला तपासणी अधिकारी आले. त्यांनी पुस्तकांची नोंदवही पाहिली, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख पाहिली, पंखे मोजले आणि 'अ' वर्ग कायम ठेवून साडेदहाला निघाले. संकेतस्थळ त्यांनी उघडलंही नाही. काका दाराशी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते. "साहेब, संकेतस्थळ?" ते म्हणाले. "आहे ना?" साहेबांनी विचारलं. "आहे." "मग झालं," असं म्हणून साहेब गाडीत बसले. आठ दिवस ज्या अक्षरासाठी माणूस जळला, ते कुणी बघितलंसुद्धा नाही! काका तसेच पायरीवर उभे राहिले.

ग्रंथपालबाई मागून आल्या. त्यांच्या हातात कागदांची चळत होती. "काका, हे तुमचंच आहे. संकेतस्थळावर वाचकांच्या सूचनांचा रकाना आहे ना, त्यात तीन आठवडे एकही सूचना आली नव्हती. गुरुवारपासून एक्केचाळीस आल्या."

काकांनी पहिला कागद पाहिला. 'हो, दिसतंय.' दुसरा. 'दिसतंय. धन्यवाद.' तिसरा. 'मला दिसतंय, पण आमच्या ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.' काका पायरीवरच बसून एकेक वाचत गेले. कुणी रागावलेलं नव्हतं. चेष्टाच होती सगळी. पण एक्केचाळीस माणसांनी पान उघडून, अक्षरन् अक्षर वाचून, उत्तर दिलं होतं. चौतीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी एक ओळही उत्तर दिलेलं नव्हतं.

मग एका कागदावर ते थबकले.

'दिसतंय. मात्र "का"नंतर स्वल्पविराम हवा. कुणाला हाक मारली, की आधी स्वल्पविराम येतो. — सभासद क्र. ६१२, गुरुवार.'

काकांनी ओळ मनात पुन्हा लिहिली. हे तरी दिसतंय का, गाढवांनो. हवा होता. हवाच होता! दोन दिवस, प्रत्येक पानावर, अख्ख्या गावासमोर, आणि एका माणसाला ते दिसलं! संताप, लाज आणि एक वेगळीच गुदगुली, अशा तिन्ही गोष्टी एकदम उसळल्या. असा वाचक या गावात आहे कुठे? त्यांनी बाईंकडून सभासदांची वही मागवून घेतली, बोट फिरवत सहाशे बारावर आणलं, आणि पुढचा पत्ता वाचला. मग वही मिटून सरळ घरी आले.

काकू खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होत्या.

"सहाशे बारा नंबर तुझा?"

"हो. का?"

"घरात समोरासमोर बसतेस. तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तोंडाने सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, तुला काय कळतंय," काकू म्हणाल्या. "लेखी दिलं, की तुम्ही वाचता."

काका खुर्ची ओढून समोर बसले आणि शेंगांची परात जरा आपल्याकडे सरकवून घेतली.

"पण तुझ्या मोबाइलवर तुला ओळ दिसली होती गुरुवारीच," एक शेंग सोलत ते म्हणाले. "मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच लिहिलंत," काकू म्हणाल्या. "म्हटलं, चौतीस वर्षांनी एकदाचे बोललात. कशाला अडवा?"